डस्टर ठेवेपर्यंत

बोर्ड बसवायला आलेल्या माणसांनी भिंतीला चार भोकं पाडली आणि खाली सांडलेला चुना तसाच टाकून ती निघून गेली. शिपाईमामांनी चुना झाडला, धाकट्या बाईंनी ओल्या फडक्याने बाकं पुसली, आणि दुसरीच्या वर्गात काळ्या फळ्याच्या जागी एक चकचकीत पडदा उभा राहिला. फळा काढून जिन्याखाली उभा केला होता, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलासारखा. वर्गभर नव्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता. उन्हात विसरलेल्या बाहुलीला येतो तसा गोडसर, घशाशी येणारा वास.

त्यांना धाकट्या बाई म्हणायचे कारण त्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर थोरल्या बाई होत्या, आणि थोरल्या बाई म्हणजे त्यांची आई. दोघींनी वर्षानुवर्षं एकाच छपराखाली शिकवलं. पण फाटकातून आत पाऊल टाकलं की लेक 'आई' म्हणत नसे आणि आई लेकीला नावाने हाक मारत नसे. "बाई, तुमच्याकडे खडू आहेत का?" "आहेत बाई, मुलाला पाठवा." शिक्षकांच्या खोलीत यावरून चेष्टा चालायची. घरी एका चुलीवरचं खाता आणि इथे आल्यावर ओळखपाळख नाही, असं कुणी म्हटलं, की थोरल्या बाई चहात बघत म्हणायच्या, "इथे मी तिची आई झाले तर बाकीची मुलं पोरकी होतील."

सुट्टीत त्या गेल्या. आजार थोडाच होता, पण त्याने वेळ फुकट घालवला नाही. शाळा उघडली तेव्हा त्यांच्या हातची पहिलीची मुलं दुसरीत आली होती, म्हणजे धाकट्या बाईंच्या वर्गात. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. वर्ग वर सरकतात, तसे ते सरकले होते.

पडदा पहिल्यांदा चालू करायला कंपनीचा माणूस आला. दर वाक्याला 'ओके' म्हणायची त्याला सवय होती, त्यामुळे मधल्या सुट्टीच्या आत त्याचं 'ओके साहेब' असं बारसं झालं. त्याच्याबरोबर हेडबाई होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दडवून ठेवल्याचा आनंद होता. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक छोटी पाटी दिली, बोट लावलं की उजळणारी. पडद्याच्या कडेला प्रत्येकाचं एक चित्र: कुणी ससा, कुणी बदक, कुणी हत्ती. उत्तर बरोबर आलं की चित्र हिरवं, चुकलं की लाल.

मग पडद्यावर एक आजी आली. गुबगुबीत गाल, पांढरा अंबाडा, चेंडूएवढा चष्मा, पापण्या वासराच्या. तिने मान डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली, आणि तोंड उघडलं.

"काय रे पाखरांनो, आलात का?"

आवाज थोरल्या बाईंचा होता.

मुलं बाकांवरून अर्धी उठली. "आमच्या बाई!" असं दोघंतिघं एकदम म्हणाले आणि मग सगळा वर्ग खदखदून हसायला लागला, हरवलेलं कुणी गर्दीत दिसल्यावर हसावं तसा. धाकट्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी मागे हात नेऊन गज धरला. हेडबाई त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजल्या, की शाळा बंद होत्या तेव्हा थोरल्या बाईंनी घरून मुलांसाठी धडे करून पाठवले होते ना, ते सगळे कंपनीला दिले. त्यावरून त्यांनी हा आवाज तयार केला. आता जे लिहू ते हा आवाज बोलतो. "तुम्हाला सांगितलं नाही मुद्दाम. म्हटलं, आनंदाचा धक्का देऊ."

ते धडे धाकट्या बाईंना चांगले आठवत होते. स्वयंपाकघरातलं टेबल, मागे धुतलेली भांडी, शाळेची टॅब्लेट पिठाच्या डब्याला टेकवलेली, आणि समोर आई, कपाळावर आठी नाही, जणू समोर पाहुणे बसलेत. टॅब्लेट नंतर शाळेत परत गेली.

पडद्यावरच्या आजीने प्रश्न विचारला. पाच फुगे होते, दोन फुटले, उरले किती. मुलांनी पाट्यांना हात लावला नाही. हाताची घडी घातली आणि गप्प बसली. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ गोल फिरून मोकळं झालं, आणि ससे, बदकं, हत्ती एकामागोमाग एक लाल झाले. आजी म्हणाली, "अरेरे, वेळ संपली."

दुसरा प्रश्न. पुन्हा सगळे लाल. ओके साहेबांनी तारा तपासल्या, पाट्या तपासल्या. मग आवाज खाली आणून हेडबाईंना म्हणाले की मशीन उत्तम आहे, मुलं जरा मंद दिसतात, ओके, होतं असं काही शाळांत.

मुलं मंद नव्हती. ती सगळी टेबलाकडे बघत होती. ते धाकट्या बाईंच्या लक्षात आलं.

थोरल्या बाईंची एक रीत होती. त्या प्रश्न विचारायच्या आणि डस्टर हातात उचलून धरायच्या. डस्टर हातात आहे तोवर कुणी बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, शेजाऱ्याच्या कानात सांगायचं नाही. सगळ्यांनी विचार करायचा. हुशार मुलांनी उत्तर जिभेखाली गोळीसारखं धरून ठेवायचं. बाई एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवायच्या आणि शेवटच्या चेहऱ्यावर दिवा लागला की डस्टर टेबलावर ठेवायच्या. ठप्प. मग जंगल उठल्यासारखे हात वर. तपासायला आलेले साहेब लोक त्या शांततेत चुळबुळायचे. एकाने विचारलंही होतं की बाई काही विसरल्या का. घरून धडे करतानाही, समोर एकही मूल नसताना, त्या विचारून थांबायच्या. हातात डस्टरऐवजी भांडी पुसायचं फडकं.

ते थांबणं कुणीतरी कापून टाकलं होतं. आणि मुलं त्या आवाजाला ओळखून, त्या आवाजाने शिकवलेलंच करत होती.

हेडबाईंनी फर्मान काढलं की शनिवारी पालकांना बोलावलंय. मुलांनी पडद्यासमोर धडाधड उत्तरं द्यायची, आणि शेवटी धाकट्या बाईंनी चार शब्द बोलायचे: आईचा आवाज सगळ्या शाळांत जावा ही घरच्यांची इच्छा आहे, एवढंच. कंपनीला वारसाचा होकार लागतो, तो चारचौघांत झाला तर किती शोभेल. "तुमच्या आईंचं नाव होईल हो. मरणानंतर असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं?"

धाकट्या बाई म्हणाल्या, बघते. 'नाही' म्हणायला तोंड उघडेना. जेवताना त्यांना तो चष्मा आठवला आणि त्यांनी ताट सारलं. आईने आयुष्यात चष्मा लावला नव्हता. तिचा चेहरा हाडकुळा होता, हनुवटीवर चामखीळ होती, आणि रागावली की ती हसत असे. त्या चेहऱ्याला गाल चिकटवून, चामखीळ खरवडून, पापण्या फडफडायला लावून त्यांनी तो मुलांपुढे ठेवला होता. शिसारी दुसऱ्या कशाची नाही, या गोडीची होती. प्रत्येक बरोबर उत्तराला नाण्यांचा छनछनाट, प्रत्येक चुकीला 'अरेरे'. वर्ग सुटल्यावर पडद्यावर मुलांच्या बोटांचे तेलकट ठसे राहायचे, आणि त्या ठशांच्या मागून ती हसत असायची.

तसं पडद्याशी त्यांचं वाकडं नव्हतं. मंगळवारी त्यांनी त्याच्यावर मुलांना समुद्राच्या तळाचा माशांचा व्हिडिओ दाखवला, आणि ऑक्टोपस दगडाचा रंग घेऊन नाहीसा झाला तेव्हा मुलांबरोबर त्यांचंही तोंड उघडं राहिलं. खडूने तो त्यांना जन्मात काढता आला नसता. पण ऑक्टोपस कुणाची आई असल्याचं सोंग घेऊन आला नव्हता.

बुधवारी त्यांनी वर्गाला समजावून पाहिलं. पडद्यावरच्या बाई थांबत नाहीत, त्यांनी विचारलं की लगेच बोट लावायचं, डस्टरची वाट बघायची नाही. मुलं ऐकत होती. पहिल्या बाकावरच्या मुंगीने हात वर केला. हे नाव तिला थोरल्या बाईंनी दिलं होतं, कारण ती सगळं सावकाश करायची, पण रांग सोडायची नाही. वर्गात शेवटचा दिवा नेहमी तिचा लागायचा.

"का थांबत नाहीत?"

"त्यांना घाई असते."

मुंगीने यावर विचार केला. "मेल्यावर घाई होते का, बाई?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. धाकट्या बाईंनी मुलांना वह्या काढायला सांगितल्या आणि त्या पाण्याच्या माठाकडे गेल्या. तहान नव्हती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या वर्गात एकट्या राहिल्या. पडद्याच्या तळाला एक चौकोन होता. त्यात लिहिलं की आजी ते बोलायची. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग खुर्चीवर बसल्या, उठल्या, फडक्याने पडदा पुसला. शेवटी एका बोटाने लिहिलं, घरी आई म्हणायची ते, शाळेत कधीच न म्हटलेलं.

आजीने मान कलती केली. पापण्या फडफडवल्या. "चिमे, जेवलीस का?"

आवाज तोच. चढउतार तोच. आईच्या घशात सकाळी असायची ती किंचित खरखरसुद्धा. आणि मागून नाण्यांचा छनछनाट आणि "शाब्बास! पुढचा प्रश्न?"

धाकट्या बाईंनी बटण दाबून पडदा काळा केला. हात ओशट झाल्यासारखे वाटले म्हणून त्या नळावर जाऊन साबणाने धुवत राहिल्या, कोपरापर्यंत, मेलेलं काही उचलल्यावर धुवावेत तसे. त्यांना सगळ्यात जास्त किळस आली ती याची, की काळ्या पडद्यासमोर उभं असताना पुन्हा एकदा ऐकावं असं वाटलं होतं.

शनिवारी पालक बाकांवर गुडघे दुमडून बसले. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं बसली की सगळीच अपराधी दिसतात. मुंगीचे वडील बेकरीतून तसेच आले होते, कोपरांना मैदा. हेडबाईंनी दोन शब्द म्हणून पुष्कळ शब्द बोलून घेतले. ओके साहेबांनी पडदा चालू केला.

आजी आली, पालक हसले, ज्यांनी थोरल्या बाईंना ऐकलं होतं त्यांच्यापैकी एका आईने पदर तोंडाला लावला. मग प्रश्न आला. झाडावर सात पक्षी होते. तीन उडून गेले. मग दोन आले. आता किती?

मुलांनी एकदा धाकट्या बाईंकडे पाहिलं. बुधवारचं त्यांना आठवत असावं. पण आवाज थोरल्या बाईंचा होता, आणि त्या आवाजासमोर घाई करायची नाही हे त्यांच्या हाडांत गेलं होतं. त्यांनी हाताची घडी घातली.

ससा लाल. बदक लाल. पालकांत खुसखुस झाली. कुणीतरी म्हणालं, अहो, साधं उत्तर आहे. कुणीतरी आपल्या मुलावर मागून डोळे वटारले. ओके साहेबांनी घाईने पुढचा प्रश्न लावला, तोही तसाच गेला. हत्ती लाल, मोर लाल. मुंगीचा ससा सगळ्यात शेवटी लाल झाला, कारण तिचं बोट पाटीवर अर्ध्या वाटेत थांबलं होतं. तिने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. वडील जमिनीकडे बघत होते.

आजी म्हणाली, "अरेरे, वेळ संपली. हरकत नाही, राजा. सगळ्यांना सगळं जमत नाही."

धाकट्या बाईंना एवढंच करायचं होतं: कपाटातून डस्टर काढून टेबलावर ठेवायचं. ठप्प. मुलं क्षणात हिरवी झाली असती, पालकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि आईचा आवाज शाळाशाळांत 'वेळ संपली' म्हणत फिरला असता. न ठेवावं, तर ही मुलं आईबापांसमोर मठ्ठ ठरत होती.

त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पडद्याची वायर ओढली. आजी हसता हसता विझली.

"बाई, काय करताय?" हेडबाई म्हणाल्या.

त्यांनी कपाट उघडलं. डस्टरचं लाकूड आईच्या अंगठ्याने एका बाजूला गुळगुळीत झालं होतं. ते हातात धरून त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात विचारलं, झाडावर सात पक्षी होते, तीन उडून गेले, मग दोन आले, आता किती.

वर्ग शांत झाला. शांतता वाढत गेली. एक पालक खोकला. ओके साहेबांनी घड्याळ पाहिलं. हेडबाई जागच्या जागी वजन या पायावरून त्या पायावर टाकत होत्या. धाकट्या बाईंना स्वतःलाच बोलून टाकावंसं वाटत होतं. इतकी शांतता हातात धरून ठेवायला केवढं बळ लागतं हे त्यांना तेव्हा कळलं. एकेक चेहरा उजळत गेला. पहिल्या बाकावर ओठ हलत होते, बोटं उघडत मिटत होती, आणि मग तीही थांबली.

ठप्प.

सगळे हात एकदम वर गेले. मागे बसलेल्या एका बापाचाही गेला, तो त्याने लाजून खाली घेतला.

"मुंगी, सांग."

"सहा," मुंगी म्हणाली. "पण आलेले दोन तेच होते का दुसरे, ते तुम्ही नाही सांगितलं."

पालक हसले, पण या वेळी वेगळं, आणि टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याने मान वर केली.

टाळ्या विरायच्या आत ओके साहेब पुढे आले. ते रागावले नव्हते. त्यांचे डोळे चमकत होते, आणि ते रागावण्याहून वाईट होतं. बाई, हे सोनं आहे, ते म्हणाले. हे आधी का नाही सांगितलं. आम्ही टाकू हे त्यात. आजीच्या हातात डस्टर देऊ, मागे आवाजही देऊ, ठप्प, ओके? थांबायचे सेकंद ज्या त्या शाळेने ठरवावे. हेडबाईंचा जीव भांड्यात पडला. बघा, थोरल्या बाई असत्या तर किती आनंदल्या असत्या, असं त्यांनी पालकांना सांगितलं आणि माईक धाकट्या बाईंच्या हातात दिला. आता तुमचे चार शब्द.

धाकट्या बाईंनी माईक बंद करून टेबलावर ठेवला, डस्टरशेजारी.

"माझा होकार नाही," त्या म्हणाल्या.

"कार्यक्रम झाल्यावर आपण बोलू ना."

"आत्ताच सांगते, म्हणजे सगळ्यांनी ऐकलेलं असेल. 'वेळ संपली' असं माझी आई कधी कुणाला म्हणाली नाही. 'सगळ्यांना सगळं जमत नाही' असंही नाही. तिच्या तोंडात हे घालू नका."

फाटकाच्या आत त्यांनी 'माझी आई' म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. शिपाईमामांच्या आलं, त्यांनी दारातून तोंड फिरवलं.

पालक गेल्यावर ओके साहेब समजूतदारपणे म्हणाले की होकार नसेल तर आवाज काढू, आवाजांना तोटा नाही. धाकट्या बाईंनी त्यांच्याकडे एकच मागितलं: घरून केलेले ते धडे, न कापलेले, जसेच्या तसे.

ते नसतील, बाई, ते म्हणाले. बोलणं ठेवलं होतं तेवढं. मधले मोकळे भाग टाकून दिले. त्यात काहीच नव्हतं.

त्यात काय होतं हे धाकट्या बाईंनी सांगितलं नाही. नळ ठिबकत होता. खुर्ची करकरत होती. आई फडकं हातात धरून टॅब्लेटकडे बघत होती, डोळे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत, एकेका न दिसणाऱ्या चेहऱ्यावर थांबत. आणि दारात भांडं घेऊन उभ्या असलेल्या लेकीने हलूही नये म्हणून तिने मध्येच एक बोट वर केलं होतं.

पुढच्या आठवड्यात आजीला दुसरा आवाज आला. तरतरीत, टूथपेस्टच्या जाहिरातीतला. मुलांना तो कुणाचा माहीत नव्हता, त्यामुळे त्याचा मानही ठेवायचं कारण नव्हतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत बोटं पडायला लागली. जमलं तर बरोबर, नाहीतर दुसरं बोट. ससे, बदकं, हत्ती हिरवेगार झाले. हेडबाई दारातून डोकावून म्हणाल्या, बघा, उगाच काळजी करत होता. मुलं किती सुधारली.

धाकट्या बाईंनी शिपाईमामांना सांगून जिन्याखालचा फळा आणवला. भिंतीवर जागा नव्हती म्हणून तो दोन बाकांवर आडवा टेकवून ठेवला. दिवसातला एक तास पडदा काळा.

त्या तासाला त्यांनी गणित घातलं आणि डस्टर उचललं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. मुलांनी हाताच्या घड्या घातल्या. चेहरे उजळत गेले, सगळेच, पण धाकट्या बाईंची नजर कुठेतरी मागच्या भिंतीवर अडकली होती आणि लाकडाच्या गुळगुळीत बाजूवर त्यांचा अंगठा फिरत होता. वर्ग वाट बघत राहिला. ती शांतता मुलांनी कापली नसती, कितीही वेळ.

शेवटी पहिल्या बाकावरून, नियम मोडून, हळूच आवाज आला.

"बाई, ठेवा ना आता. मला पण कधीच आलंय."